जावई नाबाद

जावयाला ताप येऊ शकतो, यावर माझ्या सासरवाडीत कोणाचाही विश्वास नाही. जावई फक्त रुसतो. त्याला थंडी वाजली तरी तो रुसलाय, डोकं धरून बसला तरी रुसलाय, आणि शिंकलाच तर मानपानात काहीतरी कमी पडलंय म्हणून शिंकलाय. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मी त्या जानेवारीत फोनवर निदान खोकून तरी दाखवलं असतं.

मी जव्हारला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. बायको सुनंदा पोशेऱ्याच्या अलीकडच्या एका पाड्यातली. घर शेतीवाल्यांचं, माणसं साधी, आणि जावयाच्या बाबतीत अत्यंत धोकादायक. जावई दारात दिसला की बसलेला माणूस उठतो, पसरलेली सतरंजी झटकली जाते आणि अंगणातले कोंबडे आपापले जीव वाचवायला कुंपणाकडे सुटतात. असे आम्ही दोन जावई. मी धाकटा. थोरले प्रकाशराव, म्हणजे सुनंदाच्या मंदाताईचे यजमान, माझे साडू. ते शिक्षक, अंगानं काटक, रोज पहाटे धावायला जाणारे. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, कुठलाही विषय द्या, ते तिसऱ्या वाक्याला प्रकाशरावांवर येतात. विहिरीला पाणी लागलं तरी प्रकाशराव, मोखाड्याला नवा डॉक्टर आला तरी प्रकाशराव. माझा उल्लेख साधारणपणे 'आणि हे' असा होतो.

आता स्पर्धेचं सांगतो. प्रकाशरावांचं गाव सूर्यमाळच्या अंगाला, वर पठारावर. तिथं दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असते. एक गाव, एक संघ, बाहेरचा खेळाडू चालणार नाही. पण जावई चालतो. जावई गावचाच धरायचा, असा तिथल्या कमिटीचा नियम आहे. (आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची छाती कमिटीलाही नाही.) माझ्या सासरवाडीचा संघ दरवर्षी हौसेनं जायचा आणि पहिल्याच सामन्यात हरून, दुसऱ्यांच्या सामन्यांना टाळ्या वाजवून परत यायचा. त्या वर्षी चिठ्ठ्या पडल्या तेव्हा पहिलाच सामना आला यजमानांशी, म्हणजे खुद्द प्रकाशरावांच्या गावाशी. तेच त्यांचे कप्तान. आमचा कप्तान सुनंदाचा धाकटा भाऊ भास्कर. त्याचा एक खेळाडू गुजरातेत कामाला गेला होता, आणि अकरावा माणूस म्हणून त्याला मी आठवलो. यावरून आमच्या संघाची अवस्था कळावी.

नेमकी त्याच आठवड्यात कचेरीत दप्तर तपासणी होती. संस्थानी काळापासून न हललेली कपाटं साहेबांनी हलवायला लावली, आणि त्यातली सगळी धूळ सरकारी नोकर म्हणून मी एकट्यानं पोटात घेतली. शुक्रवारपर्यंत नाक बंद, घसा बसलेला, अंगात ताप आणि कंबर कपाटाच्या आकाराची. त्या अवस्थेत भास्करचा फोन आला. मी म्हटलं, बरं वाटत नाही, या वेळी मला वगळ. मग भास्करनं फार हळू आवाजात विचारलं,

"भाऊजी, काय झाला? कोन काय बोलला का?"

मी म्हटलं कोणी काही बोललं नाही, नुसता ताप आहे. "समजला, समजला," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याला काय समजलं हे मला तेव्हा समजलं नाही.

तासाभरात सुनंदाला मामांचा फोन. बराच वेळ ती नुसती हं हं करत होती. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "अहो, दिवाळीचं मनात धरलंय का तुम्ही?" मी म्हटलं, दिवाळीचं काय? तर म्हणे दिवाळीत प्रकाशरावांना मनगटी घड्याळ दिलं आणि तुम्हाला चादर, त्यावरून तुम्ही रुसलात असं घरात सगळ्यांचं मत पडलंय. मला घड्याळाचं माहीतच नव्हतं! मी त्या चादरीवर खूश होतो. त्या क्षणापर्यंत मला फक्त ताप होता, आता थोडा राग पण आला. पण राग आल्याचं कबूल करावं तर त्यांचं खरं ठरतं, आणि नाकारावं तर घशातून आवाज निघत नव्हता. मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. सुनंदानं फोनवरचा हात काढला आणि सांगितलं, "बाबा, बोलत नाहीयेत."

शनिवारी सकाळी मामा स्वतः पहिल्या एसटीनं जव्हारला हजर. हातात शर्टपीस, नारळ आणि पिशवीत कसलीतरी हालचाल. (कोंबडा होता.) दारात उभे राहून म्हणाले, "जावईबापू, आमचा काय चुकला आसल तर पोटात घाला." सत्तरीला आलेला माणूस हात जोडून उभा आहे आणि आपण पांघरुणात. मी उठून बसलो, घसा खाकरून नीट समजावून सांगितलं, की मामा, मला खरोखर ताप आहे, हात लावून बघा. मामा दोन पावलं मागं सरकले. जावयाच्या कपाळाला हात लावायची त्यांच्याकडं रीत नाही. ते फक्त खिन्न हसले आणि म्हणाले, "घड्याळ पण बघतो मी, पुढल्या दिवाळीला."

मी तरीही गेलो नसतो. पण मामा हात-पाय धुवायला गेले तेव्हा सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. तिनं मात्र कपाळाला हात लावला. ताप तिला कळला. तरी ती म्हणाली, "मला माहितीय तुम्हाला बरं नाही. खेळू नका, नुसते उभे राहा. पण उद्या तुम्ही आला नाहीत, तर ताई वर्षभर ऐकवेल की धाकट्याला घड्याळाचं लागलं म्हणून तोंड लपवून बसला. मला दरवेळी तिच्यापुढं खाली बघायला लागतं हो." आणि तिनं खरंच खाली बघितलं. मला कसंतरीच झालं. लग्न झाल्यापासून या बाईनं माझ्याकडं साधा हट्ट केला नव्हता, आणि केला तो मी अर्धमेला असताना. मी स्वेटर चढवला.

दुपारी भास्कर पिकअप घेऊन आम्हाला न्यायला आला. मागं हौद्यात मामा, सुनंदा आणि संघातली पोरं असे सगळे उबेला एकमेकांना चिकटून बसले होते, मलाही तिथंच बसायचं होतं. पण जावई हौद्यात? मला मानानं पुढं बसवलं. पुढच्या खिडकीची काच लग्नसराईत फुटली होती. मोखाड्याच्या वळणांवरनं जानेवारीचा वारा थेट माझ्या कानात शिरत होता, आणि मी कानाला रुमाल बांधला की भास्कर विचारायचा, "भाऊजी, गाणा लावू का? तुमच्या आवडीचा?" घरी पोचेपर्यंत माझे दात ताल धरून वाजत होते.

तिथं तर रीतसर तयारीच होती. टोपी, उपरणं, नारळ, मग कढत पाण्यानं आंघोळ आणि त्यानंतर ताट. तांदळाची भाकर, नागलीची भाकर, आणि जव्हारपासून माझ्यासोबत प्रवास केलेला तो कोंबडा, लालभडक रश्शात. मला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. मी सासूबाईंना म्हटलं, मामी, मला नुसती पेज द्या. मामी आत गेल्या त्या डोळ्यांना पदर लावूनच बाहेर आल्या. मामांनी विचारलं, तिखट कमी पडला का? भास्कर दुसरा कोंबडा शोधायला उठला. सुनंदा दाराआडून माझ्याकडं बघत होती. मग मी जेवलो. तर्री घशातून उतरताना मी जे काही भोगलं ते शब्दात मांडता येणार नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. मामा मामींना म्हणाले, "विरघाळले हो जावई!" आणि आणखी दोन पळ्या वाढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तापाला पोटानं साथ दिली होती.

पठारावर मैदान सुरेख होतं. मांडव, पताका, भोंगा, आणि भोंग्यावर एक समालोचक. मुंबईत कुठंतरी काम करून आलेला असावा, कारण तो निम्मं हिंदीत बोलायचा. मांडवात पुढच्या रांगेत मंदाताई आणि शेजारी सुनंदा, मागं मामा-मामी. प्रकाशराव पांढरेशुभ्र बूट घालून मैदानाला फेऱ्या मारत होते. मला बघून लांबूनच हात केला आणि धावत येऊन विचारलं, काय, तब्येत बरी आहे ना? मी तोंड उघडायच्या आत भास्करनं उत्तर दिलं, की तब्येत एकदम टकाटक आहे, जरा रुसलेत एवढंच.

प्रकाशरावांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. भास्करनं मला विचारलं, कुठं उभे राहाल. मी म्हटलं, जिथं चेंडू येत नाही तिथं. त्यानं मला लांब सीमेवर नेलं, आणि जरा वेळानं माझ्यासाठी तिथं खुर्ची आणून ठेवली! प्लास्टिकची, लाल. टोपी, उपरणं आणि स्वेटर घालून मी सीमेवर खुर्चीत बसलेलो. समालोचक म्हणाला, "डीप मिडविकेटला अध्यक्ष बसलेले आहेत." पंचांनी आक्षेप घेतला, की खुर्चीला लागून चेंडू अडला तर काय करायचं? यावर आमच्या आणि त्यांच्या माणसांत बरीच चर्चा झाली. शेवटी खुर्ची दोरीच्या बाहेर आणि पाय आत, अशी तडजोड झाली. माझ्याकडं एकच चेंडू आला. मी तो खुर्चीतून आदरानं जाऊ दिला.

मग आमची फलंदाजी. मी भास्करला अगदी गयावया करून सांगितलं, मला शेवटी पाठव, नाहीतर पाठवूच नको. त्यानं कानाला हात लावले. जावयाला शेवटी पाठवला तर लोक काय म्हणतील! मला सलामीला पाठवलं. मी म्हटलं, मग निदान माझ्या बदली पळायला कोणी द्या. ते प्रतिस्पर्धी कप्तानाला विचारावं लागतं. प्रकाशराव म्हणाले, "आजारी असतील तर लगेच देतो." भास्करला वाटलं आपल्या जावयाला कमी लेखतायत. तो ताठ मानेनं म्हणाला, "आजारी नाय. रुसलेत." पंच अनुभवी होते. त्यांनी सांगितलं, दुखापतीला पळणारा मिळतो, रुसव्याला नाही.

यानंतर जे झालं ते क्रिकेटच्या इतिहासात झालं नसावं. पहिल्याच षटकात माझ्या बॅटला चेंडू लागून लांब गेला. समोरचा गडी पळत आला. मी अर्ध्यापर्यंत गेलो, तिथं मला चक्कर आली, आणि मी वळून माघारी आलो. आता दोघेही एकाच टोकाला. एक जण बाद होणार हे नक्की. तो बिचारा माझ्या आधी पोचला होता, म्हणजे नियमानं बाद मी. मी सुटलो, असं मला वाटलं. मांडवात जाऊन पडायचं, बस्स. पण तो पोरगा माझ्याकडं बघून हसला, आणि आपण होऊन क्रीज सोडून उलट्या दिशेनं पळत सुटला. अर्ध्यात धावबाद! जाताना मला म्हणाला, काय हरकत नाय भाऊजी, तुमी खेला.

मला नंतर कळलं की मामांनी सकाळीच सगळ्यांना ताकीद दिली होती, जावई बाद होता कामा नये, आधीच रुसलेत. पुढचा आला, तोही असाच गेला. मग तिसरा. मी मधूनमधून थांबायचो, धापा टाकायचो, नाक पुसायचो, आणि दर वेळी गावातला एक कमावता तरुण माझ्यासाठी बळी जायचा. कोणी मला पळा म्हणेना, कोणी थांबा म्हणेना. जावयाला सांगणार कोण? एकानं फार धीर करून विचारलं, की भाऊजी, तुमची इच्छा आसल तर दोन धावा घेऊ या का? मी मान हलवेपर्यंत तो बाद झाला होता. समालोचकानं आता धावफलक सांगणं सोडून माझ्याकडंच लक्ष लावलं होतं. मी मांडवाकडं बघितलं तर मंदाताई पदर तोंडाला लावून हसत होती आणि सुनंदा तिच्या शेजारी ताठ बसून सरळ माझ्याकडं बघत होती. त्या एका बघण्यावर मी उभा राहिलो, नाहीतर खेळपट्टीवरच आडवा झालो असतो.

तरी बाकीच्या पोरांनी जीव तोडून मारलं होतं, त्यामुळं सामना शेवटच्या चेंडूपर्यंत आला. जिंकायला दोन धावा. समोर शेवटचा उरलेला भास्कर. आणि चेंडू खेळायला, डावाच्या सुरुवातीपासून नाबाद, मी. गोलंदाजीला स्वतः प्रकाशराव.

ते धावत येत असताना माझ्या नाकात शिंक आली. मी ती दाबायचा प्रयत्न केला आणि चेंडू टप्पा पडून वर आला त्याच क्षणी ती सुटली. सगळं अंग हललं, अंगाबरोबर बॅट हलली, आणि डोळे उघडले तेव्हा चेंडू पॉइंटच्या डोक्यावरून मागच्या वाळक्या गवतात शिरत होता. मी चालत चालत पलीकडं पोचलो. एक धाव झाली, बरोबरी झाली. माझ्या परीनं मी जीवनातलं कर्तव्य बजावलं होतं. मी बॅटवर रेलून डोळे मिटले.

पलीकडनं भास्करचा आवाज आला, "भाऊजी, चेंडू सापडला नाय त्यांना." मी मान डोलावली. "भाऊजी, येता का जरा?" मी हातानं नाही म्हणून खूण केली. क्षेत्ररक्षकाला चेंडू सापडला. त्यानं तो उचलला. भास्करनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग त्याच्या आतलं काहीतरी तुटलं.

"ए बैला! पळ की रे!"

आणि समालोचक, ज्याचं कामच मैदानावर घडेल ते सांगायचं, त्यानं भोंग्यावरून सगळ्या पठाराला सांगितलं, "भास्कर म्हणतोय, ए बैला, पळ की रे!"

सासरवाडीत मला कोणी एकेरीत हाक मारली नव्हती. अहो-जाहोशिवाय माझ्याशी कुत्रंही बोललं नव्हतं. मी अपमान वाटून घ्यावा की नाही हे ठरवायच्या आत माझे पाय सुटले. ताप, पोट, कंबर, सगळं मागं राहिलं. चेंडू प्रकाशरावांच्या हातात आला, त्यांनी तो माझ्या दिशेला यष्टीरक्षकाकडं फेकला, मी बॅट पुढं करून सपशेल तोंडावर पडलो आणि रेषेपलीकडं घसरत गेलो. तोंडात माती, टोपी कुठल्या कुठं. पंचांनी वाकून बघितलं आणि हात आडवे हलवले. नाबाद!

आम्ही जिंकलो. पण कोणी ओरडेना. आमचा सगळा संघ मयताला आल्यासारखा उभा. भास्कर डोकं धरून खाली बसला होता. मामा टोपी हातात घेऊन मांडवातून चालत येत होते. चारचौघांत, भोंग्यावरून, जावयाला बैल म्हटलं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, मी काय म्हणतो म्हणून. माझा आवाज पार गेला होता. मी काहीच म्हणेना, तशी मामींनी रडायला सुरुवात केली.

तेवढ्यात प्रकाशराव अभिनंदन करायला आले. माझा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. म्हणाले, "मामा, अहो यांना सडकून ताप आहे." आणि काय सांगू, प्रकाशराव म्हणाले म्हटल्यावर सगळ्यांना लगेच पटलं! तीन दिवस मी बोंबलून सांगत होतो त्याचं काही नाही. मामा म्हणाले, "मग आधी नाय का सांगायचा?"

मला हौद्यात घालून मोखाड्याच्या डॉक्टरकडं नेलं. (या वेळी हौद्यात. मान संपला होता.) सुनंदा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सबंध रस्ता हसत होती. मंदाताईची पुढची रांग, तिचं तोंड, प्रकाशरावांचे पांढरे बूट, सगळं तिनं मला दोनदा ऐकवलं. इतकी खूश मी तिला लग्नातही बघितली नव्हती. संघानं पुढचा सामना माझ्याशिवाय खेळला आणि आरामात जिंकला.

त्या दिवसापासून सासरवाडीत एक गोष्ट सर्वांना कळली, की हा जावई शिवी दिल्याशिवाय हलत नाही, आणि दिली तरी रुसत नाही. माझ्या आयुष्यातून टोपी-उपरणं गेलं. आता मी गेलो की मामा म्हणतात, बरा झाला आलास, तो भारा उतरव. मामी मला चुलीपाशी बसवून मिरच्या निवडायला देतात. यंदाच्या दिवाळीत मंदाताईनं सगळ्यांसमोर विषय काढला, की प्रकाशरावांना या खेपेलाही केवढा आहेर मिळाला, आणि तुमच्यांना तर काहीच नाही. सुनंदा भाकर थापता थापता मान वर करून म्हणाली, "आहेर पाहुण्याला देतात, ताई. आमचे घरचे आहेत." मी ते अंगणातून ऐकलं आणि माझी छाती अशी फुगली म्हणता! पण तिथं थांबून कौतुक करून घ्यायला मला वेळ नव्हता. प्रकाशरावांच्या मानाचा कोंबडा कुंपणापलीकडं सुटला होता, मी त्याच्यामागं होतो, आणि माझ्यामागं भास्कर ओरडत होता, "पळ की रे, बैला!"